‘प्लांट’ म्हणजे रोप, कारखाना आणि तळपायही? एकाच शब्दाचे अर्थ की वेगवेगळे शब्द?

प्रश्न असा आहे : भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या एका वाचकाला आईच्या टाचदुखीच्या कागदपत्रांत ‘प्लांटर फॅसिआयटिस’ असं निदान लिहिलेलं दिसलं. ‘प्लांटर’चा अर्थ तळपायाशी संबंधित, हे डॉक्टरांनी सांगितलं. त्यावरून त्यांनी यादीच केली : प्लांट म्हणजे रोप, प्लांट म्हणजे कारखाना, पुरावा ‘प्लांट’ करणं, ट्रान्सप्लांट, सप्लांट, प्लँटेन आणि आता हा तळपाय. त्यांना विचारायचं आहे की हे योगायोगाने सारखे दिसणारे वेगवेगळे शब्द आहेत की एकाच शब्दाच्या फांद्या? आणि शब्दकोशात ‘वनस्पती’ हा अर्थ पहिला दिलेला असेल, तर तोच मूळ अर्थ समजायचा का?

मी इंग्रजी-मराठी कोशाच्या संपादनाचं काम करतो. हा प्रश्न आमच्याकडेही वारंवार येतो, कारण नोंद लिहिण्याआधी तो सोडवावाच लागतो. शब्द एकच असेल तर एक नोंद करून तिच्याखाली अर्थ द्यायचे. शब्द वेगळे असतील तर नोंदीही वेगळ्या, प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक. मराठीत ‘वर’ घ्या. नवरदेव या अर्थाचा ‘वर’ संस्कृत ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूपासून आला. ‘टेबलावर’मधला ‘वर’ ‘उपरि’पासून. इथे शब्द दोन आहेत, उच्चार झिजून सारखा झाला एवढंच. इंग्रजीत झाडाची साल या अर्थाचा ‘बार्क’ आणि कुत्र्याचं भुंकणं या अर्थाचा ‘बार्क’ यांचंही तसंच आहे. साल नॉर्स भाषेतून आली, भुंकणं जुन्या इंग्रजीतलं आहे.

‘प्लांट’चं तसं नाही. तुमच्या यादीतले जवळजवळ सगळे शब्द एकाच घराण्यातले आहेत. नातं दिसत नाही याचं कारण, तुम्ही ते नामात शोधताय. रोप आणि कारखाना या दोन वस्तूंत साम्य काय, असं विचारलं तर हाती काही लागणार नाही. क्रियापद पाहा. ‘टू प्लांट’ म्हणजे जमिनीत रोवणं, दाबून बसवणं, जागच्या जागी पक्कं करणं. रोवण्याची क्रिया आधी मनात धरा आणि मग रोवलेल्या वस्तू बघा. सहायक संपादक अशा शब्दाची नोंद लिहून आणतात तेव्हा मी पहिल्यांदा क्रियापदाची नोंद मागतो, ती याचसाठी.

आता मुळाकडे. लॅटिनमध्ये ‘प्लांता’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक तळपाय. दुसरा फुटवा, म्हणजे लावण्यासाठी तोडलेली फांदी किंवा कोवळं रोप. ‘प्लांतारे’ हे क्रियापद म्हणजे लावणं. बहुतेक व्युत्पत्तिकोश यांची साखळी अशी लावतात : आधी तळपाय, त्यावरून पायाने माती दाबून रोवण्याचं क्रियापद, आणि त्या क्रियापदावरून रोवल्या जाणाऱ्या फुटव्याचं नाव. रोप खड्ड्यात ठेवून भोवतीची माती ज्याने टाचेने दाबली आहे, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. तरीही ही साखळी ‘बहुधा’ या शब्दानिशीच सांगायला हवी. तळपाय आणि फुटवा हे दोन्ही अर्थ लॅटिनमध्ये होते हे निश्चित. त्यांना जोडणारा दुवा हा अभ्यासकांचा अनुमानाने बांधलेला दुवा आहे. त्याच्याही मागे गेलं तर बहुतेक जण तळपायाच्या ‘प्लांता’चं नातं ‘सपाट, पसरलेलं’ अशा अर्थाच्या मुळाशी जोडतात. ग्रीक ‘प्लॅटुस’ आणि आपले ‘पृथु’, ‘पृथ्वी’ त्याच मुळाचे.

हे सगळे अर्थ एका शब्दात खरंच नांदू शकतात का, अशी शंका असेल तर स्पॅनिश ‘प्लांता’ पाहा. आजच्या स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ झाड, तळपाय, इमारतीचा मजला, नकाशा आणि कारखाना असा होतो. इटालियन ‘प्यांता’ झाड, तळवा आणि इमारतीचा आराखडा यांना एकाच नावाने हाक मारते. या भाषा लॅटिनच्या थेट लेकी, त्यामुळे घरचं सामान त्यांच्याकडे एकत्र राहिलं. इंग्रजीने ते हप्त्याहप्त्याने उसनं घेतलं, म्हणून तिथे ते विखुरलेलं दिसतं.

पश्चिम युरोपातल्या लोकांनी रोमनांकडून बागकामाची कला घेतली, तेव्हा तिच्यासोबत हा शब्दही घेतला. जर्मनमध्ये तो ‘फ्लान्झं’ झाला; लिहिताना त्याच्या सुरुवातीला प आणि फ अशी दोन्ही अक्षरं येतात. जर्मनमध्ये ‘प’चा असा बदल फार पूर्वी, मध्ययुगाच्या आरंभी घडून गेला. ज्या उसन्या शब्दांत तो दिसतो ते शब्द त्याआधीच भाषेत मुरलेले असणार, असा निष्कर्ष निघतो. जुन्या इंग्रजीतही ‘प्लांते’ हजार वर्षांहून अधिक काळ आहे. पण तिथे त्याचा अर्थ अरुंद होता : नुकतंच लावलेलं कोवळं झाड. रानात आपोआप उगवलेल्या झुडपाला कोणी ‘प्लांट’ म्हणत नव्हतं. औषधी झाडपाल्यासाठी ‘वर्ट’ हा देशी शब्द होता, तो आज ‘सेंट जॉन्स वर्ट’सारख्या नावांत उरला आहे. हिरव्या सृष्टीतल्या कशालाही ‘प्लांट’ म्हणण्याची पद्धत सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला दिसू लागते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं : ‘वनस्पती’ हा आज सर्वांत प्रचलित अर्थ आहे, सर्वांत जुना नाही.

जुना अरुंद अर्थ पुरता गेलेला नाही. ‘ॲशप्लांट’ म्हणजे ॲश नावाच्या झाडाच्या कोवळ्या रोपापासून केलेली हातातली काठी. उसाच्या शेतीत ‘प्लांट केन’ म्हणजे लागणीचा ऊस. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला, वेगळा शब्द आहे, ‘रटून’. खोडवाही वनस्पतीच आहे, हिरवाही तितकाच आहे, तरी तो ‘प्लांट’ नाही, कारण तो त्या हंगामात कोणी लावलेला नाही. या शब्दाचा जुना स्वभाव इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अरुंद अर्थ फुगून सगळ्या वनस्पतिसृष्टीवर पसरणं विचित्र वाटत असेल तर आपल्या ‘वनस्पती’ या शब्दाकडे बघा. चरकसंहितेत झाडपाल्याचे चार वर्ग आहेत : वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी. त्यात वनस्पती म्हणजे फुलं न दिसता फळं येणारे वृक्ष, उंबर-वडासारखे. आज आपण हरळीपासून सागापर्यंत सगळ्यांना वनस्पती म्हणतो. चारातल्या एका वर्गाचं नाव सगळ्या कुळाला मिळालं.

आता कारखान्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८९ च्या सुमाराला, ‘प्लांट’ हा शब्द उद्योगधंद्यासाठी बसवलेल्या साधनसामग्रीला वापरलेला आढळतो. क्रम लक्षात घ्या : आधी बसवलेली यंत्रसामग्री, नंतर ती जिथे बसवली ती इमारत. मराठीतही आपण यंत्र ‘बसवतो’, उद्योग ‘उभारतो’, आणि त्याच्या आरंभाला ‘मुहूर्तमेढ रोवली’ म्हणतो. मेढ म्हणजे खांब. इंग्रजीने नेमकं तेच केलं.

यंत्रसामग्रीचा हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीत आजही ठणठणीत आहे. तिथे रस्त्याकडेला ‘हेवी प्लांट क्रॉसिंग’ अशी पाटी असते. बांधकामाची अवजड यंत्रं रस्ता ओलांडतात, सावध राहा, एवढाच तिचा अर्थ. ‘प्लांट हायर’ म्हणजे अशी यंत्रं भाड्याने देण्याचा धंदा. ऑस्ट्रेलियात गुरांचे कळप दूरवर हाकत नेणाऱ्यांच्या घोडे, गाड्या, सामानसुमान या सगळ्या लवाजम्याला मिळून ‘प्लांट’ म्हणत. म्हणजे ‘रोवलेलं’ या अर्थातून ‘धंद्यासाठी कायम बाळगलेलं’ असा अर्थ निघाला आणि जमिनीशी असलेला संबंध सुटला.

हा अर्थ किती ताणला जाऊ शकतो, हे इंग्लंडमधल्या १८८७ च्या ‘यारमथ विरुद्ध फ्रान्स’ या खटल्यात दिसतं. एक गाडीवान मालकाच्या खोडकर घोड्यामुळे जखमी झाला. १८८० च्या कायद्यानुसार मालकाच्या ‘प्लांट’मध्ये दोष असेल तर कामगाराला भरपाई मागता येत होती. मग घोडा हा ‘प्लांट’ ठरतो का? न्यायालयाने ठरतो असं मानलं. न्यायमूर्ती लिंडली यांनी केलेल्या व्याख्येचा आशय असा : व्यावसायिक आपला व्यवसाय चालवण्यासाठी कायमच्या वापराला जे जे ठेवतो ते प्लांट, मग ते स्थिर असो वा हलणारं, सजीव असो वा निर्जीव, विक्रीचा माल मात्र त्यात येत नाही. पुढे करविषयक खटल्यांतही ही व्याख्या वारंवार आधाराला घेतली गेली.

आणि तिचा पुढचा अंक आपल्या कायद्यात आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३ मध्ये ‘प्लांट’ची व्याख्या होती. तिच्यात जहाजं, वाहनं, पुस्तकं, वैज्ञानिक उपकरणं आणि शस्त्रक्रियेची साधनं येत होती. पण चहाची झुडपं आणि पशुधन येत नाहीत, असं तिथे मुद्दाम लिहिलेलं होतं. नीट वाचा : पुस्तक हे प्लांट, चहाचं झुडूप हे प्लांट नाही. जो वाचक ‘वनस्पती’ हा अर्थ पक्का धरून या कलमापाशी येईल त्याला वाक्य उलटं छापलं गेलंय असंच वाटेल. कर आकारणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते सरळ आहे. प्लांटवर घसारा मिळतो, आणि चहाच्या मळ्याचं झुडूप धंद्यासाठी कायम बाळगलेलं असल्यामुळे लिंडलींच्या व्याख्येत सहज बसलं असतं. म्हणूनच ते नाव घेऊन वगळावं लागलं. भाषांतर करणाऱ्याने इथे ‘संयंत्र’ किंवा ‘यंत्रसामग्री व साधनं’ असंच काहीतरी घ्यायला हवं; ‘वनस्पती’ घेतलं तर कलमाचा अर्थच उरत नाही.

‘प्लांट’च्या हेर आणि खोटा पुरावा या अर्थांचं मूळ चोरांच्या बोलीत सापडतं. जेम्स हार्डी व्हॉक्स या ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैद्याने १८१२ मध्ये या बोलीचा छोटा कोश तयार केला. तो १८१९ मध्ये छापला गेला. त्यात ‘प्लांट’ करणं म्हणजे माणूस किंवा वस्तू लपवणं, आणि लपवलेली वस्तू म्हणजे ‘प्लांट’. जमिनीत पुरून ठेवण्याशी त्याचं नातं उघड आहे. त्यातूनच पुढे दुसऱ्याच्या सामानात गुपचूप ठेवलेला पुरावा, टोळीत घुसवलेला माणूस, प्रेक्षकांत आधीच बसवून ठेवलेला साथीदार असे अर्थ फुटले. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपणही सभेत माणसं ‘पेरतो’, वर्तमानपत्रात बातमी ‘पेरली’ असं म्हणतो. आणि ‘वृक्षारोपण’ व ‘आरोप’ यांच्याकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिलंत का? दोन्ही ‘रुह्’ धातूच्या प्रयोजक रूपातून आले. एकात झाड लावायचं, दुसऱ्यात दुसऱ्याच्या माथी दोष लावायचा. हे इंग्रजीचं नातलग नव्हे, स्वतंत्रपणे चाललेली तीच वाट आहे. पण ‘लावणे’ या क्रियेपासून ‘चिकटवणे’पर्यंत मन किती सहज जातं ते यावरून कळतं.

इथपर्यंतचं थोडक्यात मांडतो. तळपायाने दाबणं, त्यावरून रोवणं, आणि रोवण्यातून तीन दिशा : रोवलेलं रोप आणि पुढे सगळीच वनस्पती, बसवलेली साधनसामग्री आणि पुढे कारखाना, लपवून ठेवलेली वस्तू आणि पुढे हेर, खोटा पुरावा. शब्द एक, नोंद एक.

चौथी दिशा तुमच्या यादीत नव्हती, पण ती मला सगळ्यात आवडते : माणसांची. वेल्श भाषेत ‘प्लांत’ म्हणजे मुलंबाळं. तोच लॅटिन फुटवा, आता घरात रांगणारा. आयर्लंडमध्ये त्याला आणखी वेगळं रूप आलं. सर्वांत जुन्या आयरिशमध्ये ‘प’ हा ध्वनीच नव्हता, त्यामुळे आरंभीच्या लॅटिन शब्दांतल्या ‘प’च्या जागी ‘क’ येत असे. ईस्टरचं ‘पास्का’ तिथे ‘कास्क’ झालं, आणि ‘प्लांता’चं झालं ‘क्लान्द’, पुढे ‘क्लान्न’, म्हणजे संतती, कूळ. तेच स्कॉटलंडमार्गे इंग्रजीत आलं : ‘क्लॅन’. म्हणजे ‘प्लांट’ आणि ‘क्लॅन’ हे सख्खे शब्द आहेत. ‘सायन’ हा शब्दही याच वाटेने गेला : आधी कलमाची काडी, मग थोर घराण्याचा वारस. आपल्याकडे ‘वंश’ म्हणजे बांबूही आणि कूळही.

माणसं रोवण्याचा कठोर अर्थही आहे. ‘प्लँटेशन’ म्हटलं की मळा डोळ्यांसमोर येतो, पण सतराव्या शतकात त्याचा अर्थ वसाहतही होता, म्हणजे नेऊन वसवलेली माणसं. १६०९ पासूनचं ‘प्लँटेशन ऑफ अल्स्टर’ म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आयरिश सरदारांच्या जमिनी घेऊन तिथे स्कॉटिश आणि इंग्लिश लोक वसवणं. रॉजर विल्यम्स यांनी १६३६ मध्ये स्थापलेल्या ‘प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स’मध्येही अर्थ वसाहत असाच होता. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या अधिकृत नावात ते शब्द २०२० पर्यंत होते. त्या वर्षी मतदारांनी ते काढले, कारण तोवर ‘प्लँटेशन’ या शब्दाला गुलामांकडून कसवलेल्या मळ्यांचा अर्थ घट्ट चिकटला होता. मला तो निर्णय योग्य वाटतो. मूळ अर्थ निरुपद्रवी होता हे सांगून आजच्या ऐकणाऱ्याचं दुखणं नाहीसं होत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा भूतकाळ सांगते, त्याचा आजचा अर्थ ठरवण्याचा अधिकार तिला नाही.

आता तळपाय. ‘प्लांटर’ हे विशेषण थेट लॅटिन ‘तळव्या’वरून घेतलेलं वैद्यकीय विशेषण आहे, ते रोपावरून आलेलं नाही. म्हणून कोशात त्याची नोंद स्वतंत्र, आणि व्युत्पत्तीत फक्त ‘प्लांट पाहा’ एवढी खूण. लागवड करणाऱ्या माणसाला किंवा यंत्रालाही इंग्रजीत ‘प्लांटर’ म्हणतात, पण स्पेलिंग वेगळं, नोंदही वेगळी. ‘ट्रान्सप्लांट’ आणि ‘इम्प्लांट’ सरळ आहेत, दोन्हींत रोवणं आहे; मराठीतही ‘प्रत्यारोपण’ आणि ‘रोपण’ त्याच चालीचे. फसवा आहे तो ‘सप्लांट’. दुसऱ्याला हटवून त्याची जागा घेणं या अर्थामुळे एक रोप उपटून दुसरं लावल्याचं चित्र मनात येतं. पण लॅटिन ‘सुप्लांतारे’मध्ये रोप नाहीच. तळव्याखाली पाय घालून पाडणं असा त्याचा अर्थ, म्हणजे आपलं ‘पायात पाय घालणं’.

पायावरून आठवलं, ‘पादप’ या संस्कृत शब्दाचं ‘प्लांट’शी नातं जोडणारे बरेच जण भेटतात, दोन्हींत पाय आहे म्हणून. ‘पादप’ म्हणजे पायाने पिणारा. तिथला पाय झाडाचा, म्हणजे मुळं. ‘प्लांता’तला पाय लावणाऱ्या माणसाचा. दोन्ही कल्पना सुंदर आहेत, पण वेगवेगळ्या आहेत.

नोंदीत अर्थ कोणत्या क्रमाने द्यावेत, हे कोश कोणासाठी आहे त्यावर ठरतं. शब्दांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांसाठी असेल तर कोवळं रोप पहिलं. शाळकरी मुलांसाठी असेल तर वनस्पती पहिली, कारखाना दुसरा. कायदा आणि हिशेबाच्या भाषांतरकारांसाठी आम्ही यंत्रसामग्रीचा अर्थ वर आणतो, कारण तिथे तोच चुकतो. आपण वाचत असलेल्या कोशाची पद्धत प्रस्तावनेत दिलेली असते, ती पाहिल्याशिवाय ‘पहिला अर्थ म्हणजे मूळ अर्थ’ असं धरू नका.

यादीतला उरलेला शब्द ‘प्लँटेन’, आणि तुम्ही शोधत होता ते वेगळे शब्द इथे खरोखरच आहेत. एक प्लँटेन म्हणजे जमिनीलगत रुंद पानं पसरणारी तणवजा वनस्पती. तिचं लॅटिन नाव ‘प्लांतागो’, तळव्यासारख्या सपाट पानांवरून पडलेलं. इसबगोल तिच्याच प्रजातीतला. युरोपीय लोक गेले तिथे हे तणही गेलं, म्हणून उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी त्याला ‘गोऱ्या माणसाचं पाऊल’ म्हटल्याचं सांगतात. दुसरा प्लँटेन म्हणजे शिजवून खायचं केळं. तो स्पॅनिश ‘प्लातानो’वरून आला. स्पॅनिशमध्ये हे चिनाराच्या जातीच्या झाडाचं नाव. कॅरिबियन बेटांवरचं केळ्याचं एखादं स्थानिक नाव कानाला तसंच ऐकू आल्याने ते केळ्याला चिकटलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. त्यामुळे ‘प्लांट’ला एक नोंद, आणि ‘प्लँटेन’ला क्रमांक घालून दोन.